बिनखिळ्याचा स्टूल

२००६ साल होतं आणि मी एकावन्न वर्षांचा होतो. म्हणजे लहान नव्हतो — आपण काय करून राहिलो हे न समजण्याइतका तर नव्हतोच.

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणापाशी काढली नाही. बायको होती तोवर तिच्यापाशी नाही, पोरांपाशी नाही. तुमच्यापाशी काहून काढतो? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना हात थांबतो — अक्षरासाठी थांबतो का गोष्टीसाठी, हे मलाच कळत नाही.

मी वरठीचा. नागपूरला विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विभागात लॅब अटेंडंट होतो. सकाळी वरठी स्टेशनवर सायकल लावायची, गाडीनं नागपूर, संध्याकाळच्या गाडीनं परत. असं सारं आयुष्य गेलं. गोंदिया जिल्हा आमच्या जिल्ह्यापासून वेगळा झाला त्याच्या आदल्या वर्षी विभागात एक मशीन आली. एनएमआर म्हणत तिला. माणसाहून उंच, तीन पायांवर उभं असलेलं चकचकीत पिंप. त्याच्या पोटात चुंबक. साधा चुंबक नाही — वीज गेली तरी तो सुटत नाही. दिवाळी असो, संप असो, तो आपला धरूनच असतो. फक्त त्याला थंड ठेवावं लागते. त्यासाठी आत दोन थंडगार पातळ वायू. एक हेलियम, तो कंपनीचा माणूस येऊन भरे. दुसरा नायट्रोजन — तो दर सोमवारी मी भरत होतो. मी. चौथी पास. विभागात डॉक्टर झालेली माणसं त्या पांढऱ्या धुराला भिऊन मागे सरत आणि मी नळी धरून उभा राहत होतो. गर्व होता? होता. खोटं कशाला सांगू.

त्या मशीनजवळ लोखंड न्यायचं नाही. नेलं तर ती ओढून घेते, आणि धक्का बसला तर आतला चुंबक मरतो. खोलीत जमिनीवर पिवळी रेघ होती — ती मीच मारलेली. दारात मी उभा. कोणीही येवो, किल्ल्या काढा, घड्याळ काढा, पट्टा काढा. दिल्लीचा पाहुणा आला तरी सोडलं नाही. पोरं मला लोखंडबाबा म्हणत. एकानं तर विचारलं होतं, "काका, मले डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या देल्या, त्या पोटात आहेत. त्या बी काढू काय जी?" मी म्हणालो, "पोट बाहेर ठेव अन् तू आत जा." सगळे हसले. मी नाही हसलो. त्या दारात मी हसत नव्हतो.

आता तिच्याबद्दल सांगतो.

वैशाली तिचं नाव. आमच्याच जिल्ह्यातली — पवनीकडं आसगाव आहे ना, तिथली. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणी करणारा. पोरगी पीएचडीला आली होती आणि मशीन चालवायचं काम सरांनी — विभागाचे प्रमुख, तिचे गाईडही तेच — तिच्याकडं दिलं होतं. बाकीची पोरं तपासायच्या औषधाच्या काचेच्या नळ्या दारातून देऊन जात. आत फक्त ती आणि मी. सर स्वतः वर्षातून तीन-चार वेळा आले तर आले.

ती मला समजावून सांगे. मला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं — भर, पूस, उचल, एवढंच सांगत. ती म्हणे, "काका, औषधाचा एकदम बारका कण घ्या, डोळ्याले दिसत नाही इतका. त्याच्यात बी वस्ती असते. कोणी कोणाच्या बाजूले राहते. मशीन फक्त इचारते, तुझा शेजारी कोण? अन् ते सांगतात. त्याईले खोटं बोलता येत नाही."

मी म्हणालो, "आमच्या गावात तं न इचारता सांगतात."

"आमच्या बी गावात," ती हसली. "आडनाव ऐकलं का झालं. मशीन कायले लागते?"

मीही हसलो. पण दोन वर्षं ती माझ्यासमोर डबा उघडून पुढं करायची आणि दोन वर्षं मी म्हणायचो, पोट भरलं आहे. माझं पोट काहून भरलेलं असते हे तिला समजत होतं. तिला समजते हे मला समजत होतं. आम्ही दोघंही त्याच्यावर कधी बोललो नाही.

ती बुटकी होती. नळी मशीनच्या डोक्यातून आत सोडावी लागते आणि तिचा हात पुरत नव्हता. कंपनीनं दिलेली प्लास्टिकची पायरी मोडली होती. बाजूच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत लोखंडी स्टूल पन्नास होते, पण लोखंड आत चालत नाही. ती टाचा उंचावून, जीव मुठीत धरून नळी सोडायची. मग पोळ्याच्या आठवड्यात मी वरठीच्या एका सुताराकडून स्टूल करून घेतला. दोन पायऱ्यांचा, सागाचा. त्याला म्हणालो, एकही खिळा नाही पाहिजे. तो म्हणाला, "देवाचा पाट करता का काय, भाऊ?" त्यानं सगळं लाकडी खुंट्या मारून जोडलं. गाडीतून मांडीवर घेऊन मी तो नागपूरला नेला. वैशालीनं त्याच्यावर चढून मशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, आता मी कोणाच्याच बापाले आयकत नाही." लहान पोरीसारखी दोनदा चढली, दोनदा उतरली.

हे सगळं आधी काहून सांगतो? तुम्हाला वाटेल, म्हातारा गोल गोल फिरून राहिला. हो. फिरून राहिलो. बरं — आता सांगतो.

त्या उन्हाळ्यात माझा बाप गेला. धानाच्या कापणीत त्याच्या हातासारखा हात आमच्याकडं नव्हता. भावांनी वाटण्या केल्या तेव्हा मी फक्त त्याचा विळा मागून घेतला, बाकी कशाला हात लावला नाही. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं धुऊन, तेल लावून, पाटावर मांडून पुजतात. विभागात आम्ही दरवर्षी त्या मशीनची पूजा दाराबाहेरच करत होतो — दाराला हार, पायरीवर नारळ. सरांची परवानगी तेवढीच. पण त्या वर्षी माझ्या मनानं घेतलं. बापाचं हत्यार आणि माझं हत्यार — दोघांची एकदा भेट करून द्यावी. बाप कधी माझ्या कामावर आला नव्हता. मी काय करतो हे त्याला कळलंच नव्हतं.

नवमी रविवारी आली. विभाग बंद. नायट्रोजन मी शनिवारीच भरून, वहीत सही करून ठेवलेली. कोणाला न सांगता सकाळी निघालो. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्या वर्षी दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. नागपूरकडं जाणाऱ्या गाडीत पांढऱ्या कपड्यातली माणसं, बायका, लेकरं — उभं राहायला जागा नाही. एकानं सरकून मला बसवलं, "बसा जी बाबाजी" म्हणाला. माझ्या मांडीवर थैली. थैलीत फडक्यात गुंडाळलेला विळा.

मागच्या दारानं आत गेलो. चौकीदार पुढच्या फाटकावर होता, त्याला काही कळलं नाही. ताट मी मुद्दाम पितळेचं नेलं होतं — बघा, तेवढं डोकं चाललं. नारळ पायरीवर फोडला. हळदीकुंकू मशीनला लावलं. विळा रेघेच्या बाहेर ताटात होता. तिथंच राहायला पाहिजे होता.

पण भेट लांबून होते का?

मी विळा उचलला. दोन्ही हातांनी घट्ट धरला. मनात म्हणालो, ही रेघ मी मारली, मला कसली रेघ? आठ वर्षं पाजलं मी तिला, ती मला ओळखते. एक पाऊल टाकलं. विळा हलका झाला — कोणी पुढून हात द्यावा तसा. अजून एक पाऊल. मग गळाला मोठी मासळी लागल्यासारखा ओढा आला, आणि माझे हात, धान कापणाऱ्याच्या पोराचे हात — उघडले. विळा गेला. ठण्‌ असा आवाज झाला.

एक क्षण काहीच नाही. मग वरून वाफ सुटली. शंभर कुकरच्या शिट्या एकदम झाल्यासारखी. पांढरा धूर छताला लागला आणि खाली यायला लागला. मी बाहेर पळालो. पायरीवर बसलो, फुटलेल्या नारळाजवळ. किती वेळ, माहीत नाही. आवाज थांबल्यावर आत गेलो. विळा मशीनला चिकटलेला नव्हता. जमिनीवर पडला होता. आपोआप गळून पडला होता. तेव्हा मला समजलं — धरून ठेवणारंच मेलं होतं.

मी विळा थैलीत घातला. फडकं ओलं करून कुंकू पुसलं. नारळाची टरफलं वेचली. मशीनच्या खालच्या कडेला नवा पोचा पडला होता, तो पुसला जात नव्हता. वैशालीचा स्टूल दाराच्या मागे, नेहमीच्या जागी ठेवलेला होता. मी दार लावून वरठीला परत आलो. दसऱ्याला सोनं वाटलं. सोमवार होता, पण सुट्टी होती. नायट्रोजन भरायचा वार होता, म्हणून हात उगाच चाळवत होते.

मंगळवारी विभाग उघडला. वैशालीच पहिली आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. तिनं त्या दिवशीसाठी एक नळी तयार ठेवली होती. पवनीकडच्या जंगलातली एक मुळी असते, तिची आजी तापाला देत होती. त्यातून तिनं वर्षभर खटपट करून मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं काढलं होतं. ते टिकत नव्हतं. चार दिवसांत खराब होणारं. चार दिवसांत मशीननं शेजारी विचारायचे होते — आणि मशीन मुकी झाली.

सर आले. पोचा बघितला आणि म्हणाले, "लोखंड लागलं आहे. कोणी आणलं?" खोलीच्या किल्ल्या तिघांकडं — सर, वैशाली आणि मी. संगणक सुट्टीमुळं बंद, केव्हा झालं कोणाला सांगता येईना. वहीत शेवटची सही वैशालीची, शनिवार संध्याकाळ. ती म्हणाली, मी गेले तेव्हा मशीन ठीक होती. सरांनी विचारलं, "वर चढायला काय वापरतेस? बाजूचा स्टूल नेलास का?"

ती म्हणाली, "नाही सर. माझा स्टूल लाकडी आहे. काकांनी करून दिला. काकांना विचारा."

काकांना विचारा.

सगळे माझ्याकडं वळले. ती पण. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. ती निर्धास्त होती.

मी म्हणालो, "कधी कधी लोखंडी नेत होत्या, सर. मी हटकलं होतं दोन-चारदा."

हटकलं होतं. हे शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. नुसती भीती असती तर पहिलं वाक्य पुरलं असतं. दुसरं मी माझ्या इज्जतीसाठी बोललो — लोखंडबाबानं आपलं काम केलं होतं, असं सगळ्यांना कळावं म्हणून. नोकरी गेली असती? कदाचित गेली असती, कदाचित दोन शिव्या खाऊन सुटलो असतो. मला नोकरीची भीती कमी होती. कोणी हसेल, याची जास्त होती. आणि अजून एक. तिच्या जागी सरांच्या नात्यातली पोरगी असती, माझ्याच आळीतली असती, तर ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. उत्तर माहीत आहे.

वैशाली माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आलेला दिसला नाही. तिला समजलंच नाही. ती सरांना म्हणाली, "पण लाकडी स्टूल आत आहे, सर. दाराच्या मागे आहे." सर घाईत होते, कंपनीला फोन लावायचा होता. म्हणाले, उद्या दाखव.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर तिला घेऊन खोलीत आले. दाराच्या मागे काही नव्हतं. तिनं टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग मला विचारलं, "काका, स्टूल?" सरांनीही विचारलं. मी म्हणालो, असा स्टूल मला माहीत नाही.

ती रडली नाही. नुसती उभी होती, हात असे थोडे वर — ज्या उंचीवर स्टूल होता तिथं.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिला मशीनच्या खोलीत बंदी झाली. सरांनी तिच्या नावानं निष्काळजीपणाचं पत्र लिहिलं आणि तिच्या कागदावर सह्या करायचं सोडलं. नळीतलं पांढरं पिवळं पडलं. दिवाळीनंतर ती ट्रंक घेऊन गेली. आठ महिन्यांनी मशीन परत सुरू झाली आणि मी पुन्हा सोमवारी नायट्रोजन भरायला लागलो. अजून आठ वर्षं भरला. निवृत्तीच्या दिवशी सरांनी शाल-नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, यांनी इतक्या वर्षांत एक खिळा आत जाऊ दिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ ठेवून त्या घेतल्या.

त्यानंतर एकदाच भेटली. नात्यातल्या लग्नाला पवनीला गेलो होतो. बस स्टँडवर मागून हाक आली, "काका!" केस थोडे पांढरे झाले होते. तिनं चहा आणला. त्या दिवशी मी नाही म्हणालो नाही, प्यालो. तिथल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे म्हणाली. परीक्षानळ्या धुते, पोरांना मांडून देते. "म्हणजे आता आपण एकाच पोस्टवर, काका," असं म्हणून हसली. तेच हसू. माझी बस लागली. मी उठलो तेव्हा तिनं हळूच विचारलं —

"काका, तो स्टूल होता ना? सागाचा? मले एवढंच सांगा. इतके लोक नाही म्हणाले का आता मलेच वाटते, आपण सपनात पायला."

एवढंच मागितलं तिनं. पत्र नाही, पदवी नाही, माफी नाही. एक हो. बसचा कंडक्टर घंटी मारून राहिला होता, शेजारी माझ्या गावची दोन माणसं उभी होती.

मी म्हणालो, "कोणता स्टूल?"

आणि बसमध्ये चढलो.

तर तो स्टूल. तो होता. सागाचा होता, दोन पायऱ्यांचा, आणि त्याच्यात एक खिळा नव्हता. सर उद्या दाखव म्हणाले त्या मंगळवारी संध्याकाळी मी तो काखेत मारून मागच्या दारानं निघालो. स्टूल घेऊन जाणाऱ्या अटेंडंटला कोण विचारते? परतीच्या गाडीत दीक्षेहून येणारी माणसं ठासून भरली होती. एक म्हातारी उभी राहून दमली, तेव्हा मीच स्टूल तिच्यापुढं ठेवला. वरठी येईपर्यंत ती त्याच्यावर बसली. मी उतरायला उठलो तेव्हा त्याच्यावरून हात फिरवून म्हणाली, "लय मजबूत केला जी कोण्या माणसानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी तो परसात घेतला. बायको चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवत होती. म्हणाली, "चांगलं सागाचं हाये, कायले जाळता?" मी म्हणालो, मोडका आहे. ती म्हणाली, "कुठं मोडका आहे?" तेव्हा मी कुऱ्हाड घेऊन तो मोडला. खुंट्या लवकर सुटल्या नाहीत. पायऱ्या आधी चुलीत घातल्या, मग पाय. पाणी लवकर तापलं. मी आंघोळ केली, कपडे घातले, आणि निघण्याआधी काडीनं राख हलवून बघितली. एकही खिळा नव्हता. मग सायकल काढून स्टेशनवर गेलो, कारण गाडीची वेळ झाली होती.